घरी कार धुवायला किती बारचा प्रेशर वॉशर घ्यावा? रंग उडतो का?

१०० ते १३० बार (बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप) भरपूर झाले. जास्त बारच्या मोहात पडू नका. रंग उडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या नोझलने आणि फार जवळून मारल्याने. लाल, म्हणजे शून्य अंशाचं, अजिबात न पसरणाऱ्या टोकदार धारेचं नोझल गाडीला लावूच नका. पांढरं, ४० अंशाचं, म्हणजे धार पंख्यासारखी पसरवणारं वापरा. फूटभर अंतर ठेवा, हात सतत फिरता हवा. खडा उडून रंगाचा टवका गेला असेल तिथे जपून. पाणी कडेखाली शिरलं की पापुद्राच निघतो. माझ्या बंपरचा असाच निघाला! टायरच्या बाजूवर, इंजिनातल्या वायरिंगवर जवळून धार नको. आणि नोझल बदलताना मशीन बंद करून ट्रिगर दाबा, अडकलेलं प्रेशर निघून जातं. धार अंगावर तर चुकूनही नको, कातडी फाटते.