घरी बांधायच्या विमानात थोडेच सॉलिड (भरीव, दाबून किंवा ठोकून बसवायचे) रिव्हेट आहेत. कुठली हत्यारं घेऊ?

एकूण पन्नास-साठच रिव्हेट आणि तेही बहुतेक कडेला, असं तुम्ही लिहिलंय. मग कॉम्प्रेसर, रिव्हेट गन (हवेच्या दाबावर ठोकणारं हत्यार) यांच्या नादी लागू नका. चांगला हँड स्क्विझर (हाताने रिव्हेट दाबायचं हत्यार) घ्या, ३ इंची योकचा, म्हणजे पत्र्याच्या कडेवरून आत जाणाऱ्या जबड्याचा. कडेपासून योक पोचेल तिथे तो गनपेक्षा सरस. एकटा माणूस काम करतो, आवाजही नाही. मात्र १/८ इंची रिव्हेटला मनगट चांगलंच दुखतं, लांब दांड्याचाच बघा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नुसती 'रिव्हेट गन' मागितलीत तर दुकानदार पॉप रिव्हेटची (एकाच बाजूने ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटची) पक्कड पुढे करेल. ते वेगळं. पण योक पोचत नाही तिथल्या चार रिव्हेटांसाठी बकिंग बार (ठोकताना रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला टेकवून धरायचा जड ठोकळा) लागेल, तो तिथेच करून घ्या: किलोभर पोलादी ठोकळा, तोंड सरफेस ग्राइंडरवर घासून आरशासारखं, कडा गोल. कडा तीक्ष्ण राहिली तर पत्र्याला ओरखडा, आणि तिथूनच पुढे तडा.

आधी भंगार पत्र्यावर वीसेक दाबून बघा. १/८ म्हणजे ३.२ मिमी, दाबण्याआधी दांडी साधारण ४.८ मिमी बाहेर हवी, दाबल्यावर त्या टोकाला तयार होणारं डोकं ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच. व्हर्नियर लावा, डोळ्यावर जाऊ नका. वाकडा बसला तर पुन्हा ठोकत बसू नका, ड्रिलने काढा. एडी रिव्हेटच्या (विमानात नेहमी वापरतात त्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या रिव्हेटच्या) मूळच्या डोक्यावर मधोमध खळगा असतोच, ड्रिल बरोबर तिथे टेकतं.

रिव्हेट मात्र विमानाचेच, दाखल्यासह मागवा. बाजारातले ॲल्युमिनियमचे स्वस्त रिव्हेट डब्याला ठीक.