कानस खाली ठेव

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत, सुपरवायझर म्हणतो कानस मार आणि गाडी पुढे जाऊ दे. सगळेच मारतात, मग मीच का अडून बसू, असं विचारतेस. धीर द्यायला लिहीत नाहीये, तो तुझ्याकडे आहे. कानस खाली ठेव, एवढंच.

हेन्री लेलंड हे नाव तुम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नसेल. सगळे फोर्डवरच थांबतात. १८४३ चा जन्म, हात तयार झाला तो बंदुकांच्या कारखान्यात आणि पुढे ब्राउन अँड शार्प या अचूक मापाची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीत. १९०२ मध्ये कॅडिलॅक ही मोटार कंपनी उभी केली तेव्हा साठीला टेकला होता. त्या काळी पार्ट घासून घासून त्या-त्या गाडीला बसवायचे. एकीचा दुसरीला लागला तर नशीब.

१९०८ मध्ये इंग्लंडात ब्रुकलंड्सच्या रेस ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने त्याच्या तीन गाड्या पार सुट्या केल्या. पार्टांची सरमिसळ केली, वर ८९ पार्ट बाजूला काढून त्यांच्या जागी स्टोअरमधले दिले. पुन्हा जोडायला फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर. कानस बंद! तिन्ही गाड्या जोडल्या गेल्या आणि ५०० मैल पळाल्या. त्यावर क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

आता तुझं भोक बघ. गोल कानस फिरवलीस की ते लांबट होतं. बोल्ट आवळला जातो, आज काही दिसत नाही; गाडी हादरे खायला लागली की तो सरकतो. पण माझा राग त्यावर नाही. फिक्स्चर, म्हणजे भोक पाडताना ब्रॅकेट जागेवर धरणारा साचा, झिजलाय की व्हेंडरचा लॉट चुकलाय, हे सांगणारा पुरावाच तू घासून टाकतेस. मग पुढच्या हजार ब्रॅकेटना कोण कानस मारणार? तूच.

लोक सांगतील, त्याच लेलंडची पुढची लिंकन कंपनी बुडीत निघाली, १९२२ मध्ये फोर्डने ८० लाख डॉलरला घेतली आणि काही महिन्यांत बापलेकांना बाहेर काढलं. खरंय. पण त्याला युद्धानंतरची मंदी नडली, जुनाट बॉड्या नडल्या. माप नाही नडलं. हे मला कुणी शिकवू नये. मलाही अडेलतट्टू म्हणायचे, बढती माझ्या हाताखालच्या पोराला गेली. गेली तर गेली. ड्रॉइंगबाहेरच्या मालावर सही केली नाही, आजही करणार नाही. कडवट वाटत असेल तर वाटू दे.

तू भांडू मात्र नकोस, तिथे तुझी पिढी घाई करते. त्याच लॉटमधले दहा ब्रॅकेट उचल, भोकांमधलं अंतर व्हर्निअरने घे, ड्रॉइंगमध्ये दिलेल्या टॉलरन्सशेजारी, म्हणजे किती फरक चालतो त्याच्याशेजारी, लिही. सगळे एकाच बाजूला सरकलेले असतील तर आधी फिक्स्चरच्या पिना तपास. कागद सुपरवायझरच्या हातात दे, कॉपी क्वालिटीला. तोंडी काही नको.

रीडिंग झाली की फोन कर. त्याआधी नको.