डबी फोडण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भंगारवाल्याकडून जुना स्मोक डिटेक्टर आणलास, झाकण काढून आतल्या धातूच्या डबीचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "सर, ही फोडली तर कुणाला कळणार आहे?" कळण्याचं नंतर बघू. आधी झाकण परत लाव, अख्खं यंत्र एका बरणीत ठेव, बरणीवर आजची तारीख आणि आत काय आहे ते लिही. मग साबणाने हात धू.

माझी सगळी नोकरी आरएसओ म्हणून गेली, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी. तेव्हा मी कुंपणाच्या पलीकडून, म्हणजे नियम पाळायला लावणाऱ्यांच्या बाजूने बोलतोय, हे धरून चाल.

त्या डबीत अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, साधारण ३७,००० बेकरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे अणू फुटतात. वजन म्हणशील तर एका मायक्रोग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आता कृषी सेवा केंद्रातून सव्वादोन किलो पोटॅश आण. त्यातल्या पोटॅशियम-४० चे, म्हणजे पोटॅशियमच्या किरणोत्सारी भावंडाचे, बेकरेल जवळपास तेवढेच भरतील. तरी पोटॅशच्या पोत्यासाठी शेतकऱ्याकडे कुणी परवाना मागत नाही. कारण पोटॅशियम आपल्या अंगात मुळातच असतं आणि जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. अमेरिशियमचे अल्फा कण साध्या कागदाने अडतात, पण त्याची धूळ श्वासातून आत गेली की हाडांत आणि यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. नियामकाने परवान्यातून सूट दिलेली असते ती अख्ख्या यंत्राला, कवचासकट. डबी फुटली की सूटही संपली.

अमेरिकेचे नियम बघ. तिथे ठरावीक मर्यादेखालचे चकतीसारखे सोर्स, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचे बंद नमुने, कुणीही घरी ठेवू शकतो, सीझियम-१३७ असेल तर १० मायक्रोक्युरीपर्यंत, म्हणजे ३,७०,००० बेकरेल. पण किरणोत्सार वाढवण्यासाठी असे सूट मिळालेले सोर्स एकत्र करायला बंदी आहे. एक चालतो, दहांची मोट बांधलेली चालत नाही. मला हा नियम फार आवडतो. ज्याने लिहिला त्याला हौशी माणूस नेमका कळला होता.

असा हौशी माणूस कसा असतो ते बघ. मिशिगनमधल्या डेव्हिड हानने सतराव्या वर्षी आईच्या परसातल्या शेडमध्ये स्मोक डिटेक्टर, गॅसबत्तीची मेंटलं, रेडियमची घड्याळं असं काय काय जमवलं होतं. शिक्षक असल्याची थाप मारून त्याने सरकारी तज्ज्ञांकडून पत्रांनी माहितीही काढली. ऑगस्ट १९९४ मध्ये पोलिसांनी त्याची गाडी तपासली, पण शेड उचकटून पिंपांत भरली गेली ती जून १९९५ मध्ये. ३९ पिंपं युटात नेऊन पुरली. मधल्या काळात घरच्यांनी घाबरून बरंच सामान घरच्या कचऱ्यात टाकून दिलं होतं. मला त्या पिंपांची भीती वाटत नाही, ती मोजलेली होती. कचऱ्यात गेलं त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

२०११ मध्ये स्वीडनमधल्या एकाने स्वयंपाकघरातल्या शेगडीवर असेच उद्योग केले. सगळं करून झाल्यावर त्याने तिथल्या किरणोत्सार सुरक्षा प्राधिकरणाला विचारलं की हे कायदेशीर आहे का. उत्तर द्यायला पोलीस आले. लोक हसतात, पण माझ्या मते त्याने विचारलं हेच बरं केलं, फक्त सहा महिने उशिरा. सिडनीतला एक तरुण तर नुसता मूलद्रव्यं गोळा करत होता. परदेशातून मागवलेल्या नमुन्यांत प्लुटोनियमचा कण होता. २०२५ मध्ये कोर्टाने त्याला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. हेतू वाईट नव्हता हे सगळ्यांना पटलं, गुन्हा मात्र कायम राहिला.

आपल्याकडे एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ पासून आहे. मुंबईत अणुशक्तीनगरला त्यांचं नियामक भवन आहे. त्यांचा स्वभाव कडक वाटतो, पण २०१० मधलं दिल्लीचं मायापुरी आठव. विद्यापीठाच्या रसायन विभागाने पंचवीस वर्षं न वापरलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र भंगारात विकलं, भंगारवाल्यांनी ते तोडलं, आणि एक माणूस जीवानिशी गेला. त्यात हौशी कुणीच नव्हतं, होते ते पदवीधर. तुझा भंगारवालाही त्याच साखळीतला. त्याच्याकडे आणखी असले डिटेक्टर आहेत का, ते आज संध्याकाळी विचार.

माझंही ऐक. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं तेव्हा शर्टाच्या बटणाएवढा एक चाचणी सोर्स मी एप्रनच्या खिशात घातला. रजिस्टरमध्ये नोंद करायची राहिली, आणि एप्रन गेला धोब्याकडे. किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर घेऊन तीन दिवस पायऱ्या, मोऱ्या, बाकांखालची जागा धुंडाळली. शेवटी धोब्याच्या गाठोड्याशी काटा उडाला. साहेब रागावले नाहीत. रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाले, "तीन दिवस तो कुठे होता ते लिही." मला लिहिता येईना.

तुझा गायगर काउंटर, तो किरणोत्सार मोजायचा, मात्र वाया जाऊ देऊ नकोस. बंद खोलीत फुगा फुगवून लोकरीवर घास, अर्धा तास टांगून ठेव आणि मग मोज. हवेत रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो, त्याची पिल्लं, म्हणजे तो फुटून झालेले अणू, फुग्यावर चिकटलेली असतात. दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत गेलीस तर तो उतरताना दिसेल. पोटॅशचीही मोजणी कर, पण पिशवी न फोडता.

त्या डिटेक्टरचं काय करायचं हे विचारणारं पत्र एईआरबीला लिही. स्वतःच्या नावाने, मॉडेल क्रमांक घालून, झाकण उघडलं होतं हेही सांगून. मसुदा आधी मला दाखव. आणि "शैक्षणिक हेतूने" हे शब्द त्यात घालू नकोस, ते सगळेच घालतात.

तुझा,
सर