आधी घर, मग पाणी

चि. मुली,
सप्रेम सलाम.

तुझा मेसेज नातवाने वाचून दाखवला. मी त्याला तो दोनदा वाचायला लावला, दुसऱ्यांदा सावकाश. उत्तर फोनवरच देणार होते, पण फोनवर मी चिडते आणि तू ‘हो मावशी, हो मावशी’ करत बसतेस. म्हणून कागद घेतला.

एकवीस वर्षांची मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. दीड वर्ष तुमच्या प्रार्थनेला येते, गाते, अवघड प्रश्न विचारते. तिला बाप्तिस्मा हवाय आणि तोही येत्या रविवारीच, कारण बाहेरगावचे उपदेशक येणार आहेत आणि कुणाच्या तरी शेततळ्यावर आणखी चौघांचा व्हायचाच आहे. घरी मात्र कळता कामा नये. तिच्याबरोबर पाण्यात उतरून तिला धरायचं, हे तुझं काम. तर धरू की नको, असं तू विचारतेस.

नको. या रविवारी नको. आधी घर, मग पाणी.

तू बायबलची वचनं काढणार हे मला ठाऊक होतं, आणि काढलीसच. हबशी अधिकाऱ्याने वाटेत पाणी पाहिलं, ‘बाप्तिस्म्याला अडचण काय?’ म्हणाला आणि त्याला वचन समजावणारा फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. बरोबर आहे. पण तो अधिकारी पुढे रथात बसून आपल्या देशी निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या दारावरून फिलिप्पाला सायकलवर जायचं नव्हतं. तुला जायचंय. फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला म्हणतेस. झाला, पण घरच्या सगळ्यांसकट झाला. तेवढी ओळ आली की तुमच्या वयाची मंडळी डोळे मिटतात का? राहिलं आईबापापेक्षा प्रभूवर अधिक प्रीती करण्याचं. ते वचन त्या मुलीने रात्री एकटीने स्वतःशी म्हणायचं आहे. आपण ते तिच्या आईच्या अंगावर फेकायचं नाही.

मी हे बोलते कारण मी एकदा धरलं होतं.

१९८७चा जानेवारी. मी तेव्हा तिशीच्या आतली बायबलबाई, बायकांना घरोघरी वचन वाचून दाखवणारी. आमच्या मंडळीत डोक्यावर पाणी ओतायची रीत, पण कुणी बुडवूनच द्या म्हणालं तर पाळकसाहेब नाही म्हणत नसत. प्रवरा नदीला धरणाचं आवर्तन सुटलं होतं, नाहीतर त्या दिवसांत नदीत गुडघाभर पाणी मिळायची मारामार. मुलगी एकोणीस वर्षांची, हातमागावर काम करणाऱ्या घरातली. घरी सांगायला घाबरत होती. ‘नंतर सांगू गं,’ असं तिला मीच म्हणाले. तिला धीर देते आहे असं मला वाटत होतं. खरं म्हणजे माझा धीर सुटत होता. ती मागे फिरेल, मग माझ्या वर्षाच्या कामाचं काय, ही भीती माझी होती.

शुक्रवारी सकाळी, कुणी नदीवर नसताना उतरलो. पाणी असं गार की पाळकांचा आवाज थरथरत होता. मी प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभी. ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’, आणि ती खाली गेली, वर आली, आणि वर येताच तिने जे पहिलं हाताला लागलं ते घट्ट धरलं. तो माझा दंड होता. तिच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले आणि मी ते दोन दिवस कुणाकुणाला कौतुकाने दाखवत होते. हे लिहितानाही लाज वाटते.

घरी कळलं ते आठवडी बाजारात. भाजीवाल्याने तिच्या आईला विचारलं, ‘तुमची पोर बाटली म्हणे?’ संध्याकाळी आई माझ्या दारात आली. भांडली नाही. भांडली असती तर मला जमलं असतं, भांडणाची उत्तरं आम्हाला शिकवलेली होती. तिने विचारलं, ‘पाणी लई गार होतं का?’ एवढंच. आणि ओल्या कपड्यांची पिशवी मागून घेऊन गेली. महिन्याच्या आत मुलीचं लग्न मराठवाड्यात कुठेतरी लावून दिलं. गावाचं नाव मला कुणी सांगितलं नाही. आज ती साठीकडे आली असेल.

तिचा विश्वास टिकला असेल, असं पाळकसाहेब म्हणायचे. असेलही. पण मी जिला धरलं ती मला सापडत नाही, आणि जिच्यापासून लपवलं तिचा प्रश्न रोज आंघोळीच्या वेळी ऐकू येतो. म्हणून म्हणते, आधी घर, मग पाणी.

आपण नगरची माणसं. टिळकांच्या भजनांवर वाढलो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला, हे तुला तोंडपाठ असेल, परीक्षेत विचारतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या दिवशी कुठे होत्या, हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत. त्या तिथे नव्हत्या आणि तो दिवस ठरल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढची चार-पाच वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे, मूल मध्ये. मग त्या आल्या, आपल्या वाटेने, आपल्या वेळेला, आणि कशा आल्या ते इतकं खळखळून लिहून ठेवलं की आपण हसतो आणि ती वर्षं विसरतो. टिळक फार मोठे. मी त्यांच्या वहाणांनाही हात लावायच्या लायकीची नाही. तरी त्या एका गोष्टीत मी लक्ष्मीबाईंच्या बाजूला बसते.

आणि त्याआधीचं बघ. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला. तेच, ज्यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनच्या घरात राहिला होता. बाप कोर्टात गेला, कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मग त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणांत रणं माजली, बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले म्हणून त्यांनाही बोलणी बसली. दोन्हीकडचे विद्वान आपापल्या जागी शहाणे. पोराला मात्र आधी इकडून ओढलं, मग तिकडून. तुझी मुलगी सज्ञान आहे, कबूल. शाळा सोडल्याचा दाखला डोळ्यांनी पाहिलास ना? आधी पाहा.

तुझे ते कार्यकर्ते म्हणतात, तिच्याकडून ‘स्वखुशीने’ असा अर्ज लिहून घेतलाय, वकिलाला दाखवलाय. तो कागद आपल्याला वाचवतो गं, तिला नाही. मध्य प्रदेशात २०२१च्या धर्मांतराच्या कायद्यात साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याचं कलम घातलं, त्यावर आपली माणसं चिडली. मीही चिडले. माणसाच्या देवाशी कलेक्टरचा काय संबंध? पण कलेक्टरला सांगायचं नाही म्हणून आईलाही सांगायचं नाही, हे कुठलं शास्त्र? मी सरकारबद्दल बोलतच नाहीये. मी भाकरी थापणाऱ्या बाईबद्दल बोलते आहे.

आणखी एक. तिची शिष्यवृत्ती कुठल्या दाखल्यावर आहे, हे विचारलंस? अनुसूचित जातीचा असेल तर १९५०च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. हा अन्याय आहे असं मी चाळीस वर्षं म्हणते आहे. पण अन्याय आहे म्हणून तिच्यापासून लपवायचा, असं होत नाही. तिला आपण सगळं सांगायचं, तिने घरी सगळं सांगायचं.

सांगायचं म्हटलं हं. विचारायचं म्हटलं नाही. परवानगी मागायला पाठवू नकोस. ‘आई, मी हे करणार आहे, तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आले,’ एवढंच. मग आई रडेल, बाप ताट फेकेल, भाऊ दोन दिवस बोलणार नाही. मारण्याइतकं प्रकरण असेल तर शिक्षण संपू दे, नोकरी लागू दे, स्वतःची खोली होऊ दे, मग सांगू दे. वर्ष जाईल. जाऊ दे. थांबणं वेगळं, लपवणं वेगळं.

इथे तू मला अडवशील. ‘आणि त्या बाईचं काय, मावशी?’ तू तो प्रश्न लिहिला नाहीस, पण तुला कुणीतरी सांगितलंय हे तुझ्या मेसेजच्या शेवटावरून कळलं. तर सांगतेच.

ती साखर कारखान्यातल्या फिटरची बायको. प्रवरेनंतर दहा-बारा वर्षांनी आमच्याकडे येऊ लागली. मी तिला माझं वाक्य सांगितलं. आधी घर, मग पाणी. तिने नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, धीटपणे. तो नाही म्हणाला. दिवाळीनंतर पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ‘जायचं तर जा चर्चला, पण ते पाणी घेऊ नको.’ मग तो दर रविवारी तिला स्कूटरवर आणून सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसायचा. ती सहा वर्षं मागच्या बाकावर बसली. प्रभुभोजन वाटलं जाताना मान खाली घालायची. सातव्या वर्षी काविळीने आठ दिवसांत गेली. पाणी न घेता. तिला त्यांच्या रीतीने अग्नी दिला, मी लांब उभी होते.

तेराव्यानंतर तो फिटर आला. तिचं गीतांचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘तिला तेव्हाच द्यायला पाहिजे होतं ना तुम्ही? मी काय, नाहीच म्हणणार होतो.’

आता बोल. तिचं सांगून झालं होतं. तीनदा झालं होतं. मग मी कशाची वाट बघत होते? परवानगीचीच ना, जी मागू नकोस असं आत्ताच वर तुला ठणकावलं? हो. प्रवरेच्या त्या मुलीच्या आईला एकदा उत्तर देता आलं नाही म्हणून मी या बाईला सहा वर्षं बसवून ठेवलं. कमिटीतल्या एकाने तर तोंडावर म्हटलं, बाईंना पाण्याची भीती बसली आहे.

बसली असेल. पण माझंही ऐक. ती सहा वर्षं घरात खोटं न बोलता आली. तिच्या पिशवीत पुस्तक उघडं असायचं. तिच्या मुलांना ठाऊक होतं आई कुठे जाते. नवरा टपरीवर बसून का होईना, आमची गाणी ऐकत होता; एकदा एका कडव्याची चाल चुकल्याचं त्यानेच तिला सांगितलं होतं. हे चोरीच्या पाण्याने झालं असतं? मी चुकले ते थांबण्यात चुकले, सांगायला लावण्यात नाही. तुला हे वकिली वाटेल. वाटू दे. वाक्य मी सोडत नाही.

आणि ते पाहुणे उपदेशक. पाच झाले तर फोटोत पाच दिसतील, चार झाले तर चार. पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात काय लिहिलं ते वाच पुन्हा. क्रिस्प, गायस, स्तेफनाच्या घरचे, आणखी कुणाचा बाप्तिस्मा केला की नाही आठवत नाही म्हणतो. आठवत नाही! एवढा मोठा प्रेषित आणि वही ठेवली नाही. मी एकतीस वर्षांच्या कामात सतरा बायकांना पाण्यात धरलं. बघ, मी मात्र मोजल्याच.

नवीन नावाचंही खूळ काढू नका. पंडिता रमाबाईंना १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा देताना मेरी रामा केलं. कोण म्हणतं त्यांना मेरी? आईने ठेवलेल्या नावाने तिला हाक मारा. आई चिडलेली असली तरी ते नाव तिचं आहे.

दिवस ठरेल तेव्हा शेततळ्यात अजिबात नाही. त्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणारी माणसंही बाहेर येऊ शकत नाहीत, दर उन्हाळ्यात बातम्या वाचतेस ना? नदीला पाणी नसेल तर चर्चमध्ये तांब्याने ओता, पाण्याला काही कमी-जास्त कळत नाही. नदी असेल तर कमरेइतकंच पाणी, पायाखाली वाळू, गाळ नाही. साडी नको, पंजाबी ड्रेस. साडीत हवा शिरते आणि ती फुग्यासारखी वर येते, मग बिचारीचं सगळं लक्ष देवाऐवजी निऱ्यांकडे. ओढणी आपल्याकडे ठेव. तिचं डोकं प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे नाकात पाणी कमी जातं, तरी रुमाल दे. तू खालच्या अंगाला उभी राहा. वर आल्यावर ती कशालाही धरेल, तो तुझा हात असू दे. काठावर कोरडे कपडे, घोंगडी, थर्मासमध्ये चहा. साखर जास्त.

पण ते नंतर. रविवारी पाहुण्यांना सांग, चारच आहेत. कुणी बोललं तर माझं नाव घे, म्हातारीवर ढकल. गुरुवारी सकाळच्या एसटीने मी येते. त्या मुलीला तयार राहायला सांग, आपण तिघी तिच्या गावी जाऊ. बोलायचं तिने. मी ओट्यावर बसेन, आत बोलावलं तर आत. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर पाणी मागायचं. मला स्टँडवर घ्यायला ये, गुडघ्यामुळे रिक्षात चढवत नाही.

तुझी
मावशी