वाचकांचे प्रश्न : आपल्याच विषयाच्या तासाला नीतिविचार

विद्यापीठात नीतिशास्त्राचा वेगळा पेपर ठेवून न थांबता प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या विषयातील नैतिक प्रश्न आपल्याच तासाला शिकवावेत आणि त्यासाठी प्राध्यापकांना रीतसर प्रशिक्षण मिळावे, अशी भूमिका या सदरात पूर्वी मांडली होती. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतो. तत्त्वज्ञानाचे माझे वाचन जवळजवळ नाही. एखाद्या कार्यशाळेला जाऊन मी नीतिशास्त्र शिकवण्यास पात्र कसा ठरणार? हे काम तत्त्वज्ञान विभागाकडेच का सोपवू नये?

उत्तर : आपण कांटसारखा तत्त्वज्ञ शिकवावा, अशी अपेक्षा कोणीही करत नाही. आपल्या विषयात निर्णय नेमका कोठे घेतला जातो, तो चुकला तर कोणाला भोवतो आणि तो घेताना माणसावर कोणकोणते दडपण असते, हे आपल्याला ठाऊक असते. तत्त्वज्ञान विभागातील सहकाऱ्याला ते बहुधा ठाऊक नसते. प्रशिक्षणाने करायचे ते एवढेच, की हे जे ज्ञान आपल्याजवळ आहे ते वर्गात उघडपणे मांडण्याची सवय आपल्याला लावायची.

शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत व्यवसायनीतीच्या अभ्यासासाठी १९७६ पासून एक केंद्र आहे आणि १९९० च्या दशकात त्या केंद्राने तांत्रिक विषयांच्या प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घेतल्या. तेथील तत्त्वज्ञ मायकेल डेव्हिस यांनी पुढे ‘मायक्रो-इन्सर्शन’ या नावाने मांडलेली पद्धत आपल्यासारख्यांना सर्वांत सोयीची आहे. नीतीवर वेगळे व्याख्यान न देता सरावाच्या नेहमीच्याच उदाहरणात दोन-चार ओळींची भर घालायची, हे तिचे सूत्र.

आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. ५० किलोन्यूटन ओढ सहन करणाऱ्या गोल पोलादी सळईचा किमान व्यास काढा, अनुज्ञेय ताण (सळईवर येऊ द्यायचा कमाल ताण) १५० मेगापास्कल, हे गणित आपण अनेकदा दिले असेल. उत्तर साधारण २०.६ मिलिमीटर येते आणि विद्यार्थी पुढच्या गणिताकडे वळतो. आता त्यापुढे एवढेच लिहा : “भांडारात २० मिलिमीटरची सळई शिल्लक आहे; पुढच्या मापाची यायला तीन आठवडे लागतील. ‘अर्ध्या मिलिमीटरने काय होते? सुरक्षागुणक आहेच की,’ असे वरिष्ठ म्हणतात. ताण पुन्हा काढा आणि आराखड्यावर आपण कोणता शेरा लिहाल ते सांगा.” ताण सुमारे १५९ मेगापास्कल, म्हणजे मर्यादेच्या सहा टक्के वर जातो. पोलादाची नती-मर्यादा, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचे ताणले जाऊ लागते ती, २५० मेगापास्कल धरली, तर सुरक्षागुणक, म्हणजे ही मर्यादा प्रत्यक्ष ताणाच्या किती पट आहे तो आकडा, १.६७ वरून १.५७ वर येतो. सळई लगेच तुटणार नाही, आणि उदाहरणाची खुबी तेथेच आहे. तो गुणक नेमका कोणत्या अनिश्चिततेसाठी राखून ठेवला आहे, तो खर्ची घालण्याचा अधिकार कोणाला आहे, तो खर्ची पडला हे वापरणाऱ्याला कळायला हवे की नको, हे प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारू लागतात. त्यांची उत्तरे देण्यास वर्गात आपल्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. यात तासाची फार तर दहा मिनिटे जातात.

तत्त्वज्ञान विभागाची मदत घेऊच नये, असे मात्र नाही. हार्वर्डमध्ये २०१७ पासून तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्र या दोन्ही विभागांतील मंडळी मिळून संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातच नीतिविषयक तास गुंफतात. जेथे दोन्ही बाजूंना वेळ आणि मनुष्यबळ आहे तेथे हा मार्ग उत्तम. पण पाहुणा शिक्षक येतो त्या दिवसापुरतीच नीती, असा विद्यार्थ्यांचा समज होणार नाही, याकडे मूळ प्राध्यापकाने लक्ष ठेवायला हवे.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाने प्राध्यापकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घेण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. कोणत्या विषयांवर व्याख्याने ठेवावीत?

उत्तर : व्याख्याने शक्य तितकी कमी ठेवावीत. अशा कार्यशाळांचा नेहमीचा साचा असा असतो, की सकाळी उपयुक्ततावाद आणि कर्तव्यवाद हे नीतिशास्त्रातले सिद्धांत, दुपारी एखादी गाजलेली दुर्घटना, शेवटी प्रमाणपत्र. मंडळी घरी जातात आणि सत्र सुरू झाल्यावर त्यातले काहीही वर्गात उतरत नाही.

दुर्घटनांबद्दल थोडे अधिक लिहितो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच कोसळून सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या (ओ-रिंग) दगा देतील म्हणून उड्डाण पुढे ढकलावे, असे रॉजर बॉइसजोली आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी आदल्या रात्री बजावले होते. ही हकिकत विद्यार्थ्यांना सांगावी, यात शंका नाही. पण प्रत्येक प्रशिक्षणात तीच पुढे आल्यामुळे नैतिक प्रश्न म्हणजे आयुष्यात एखाद्या वेळी येणारा मोठा प्रसंग, असे शिक्षकांनाही वाटू लागते. आपल्या विद्यार्थ्यांपुढे बहुधा येणार आहे ती २० मिलिमीटरची सळई, न जुळणारे निरीक्षण किंवा काम न करता लेखावर नाव मागणारा वरिष्ठ.

म्हणून प्रत्येक प्राध्यापकाला स्वतःचा अभ्यासक्रम आणि सरावाची उदाहरणे घेऊन यायला सांगावे. पहिल्या दिवशी त्यातले एक उदाहरण नव्याने लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी ते इतर विभागांच्या सहकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष शिकवून दाखवायला लावावे आणि सहकाऱ्यांनी हटवादी विद्यार्थ्यांची भूमिका करावी. “सर, सगळे असेच करतात,” या वाक्यावर काय बोलायचे, हे आधी एकदा तरी अनुभवलेले असले की वर्गात धीर येतो. तेथे अडखळू, या भीतीनेच अनेक चांगले शिक्षक या वाटेला जात नाहीत. सत्र संपल्यावर याच गटाला पुन्हा अर्धा दिवस बोलवावे आणि काय फसले ते बोलू द्यावे. दोन दिवसांतून वेळ काढता येत नसेल, तर पहिल्या दिवसाचे उद्घाटन गाळावे.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवते. नैतिक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसते, मग गुण कसे द्यायचे? शिवाय माझी मते विद्यार्थ्यांवर लादली जातील, ही भीती वाटते.

उत्तर : गुण निष्कर्षाला न देता कारणमीमांसेला द्यावेत. विद्यार्थ्याने प्रश्न ओळखला का, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचा विचार केला का, कोणती माहिती अपुरी आहे हे सांगितले का, दोनापेक्षा अधिक पर्याय शोधले का आणि विरुद्ध बाजूच्या सर्वांत सबळ मुद्द्याला उत्तर दिले का, हे तपासता येते. तेही प्रयोगाच्या जर्नलइतक्याच काटेकोरपणे. मात्र हे निकष विद्यार्थ्यांना आधी दिलेले असावेत.

आपल्या विषयात रॉबर्ट मिलिकन यांचा इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार मोजण्याचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग यासाठी फार उपयोगी पडेल. १९१३ च्या निबंधात त्यांनी ५८ थेंबांची निरीक्षणे दिली आणि ती निवडक नसून सलग साठ दिवसांत तपासलेल्या सर्व थेंबांची आहेत, असे लिहिले. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या वह्या पाहिल्या, तेव्हा त्यांत याहून बऱ्याच अधिक थेंबांच्या नोंदी आढळल्या. गाळलेल्या कित्येक नोंदींना सबळ तांत्रिक कारण होते, आणि त्या धरल्या असत्या तरी विद्युतभाराचे मूल्य फारसे बदलले नसते, हेही अभ्यासकांनी दाखवले आहे. मग चूक निरीक्षणे गाळण्यात होती की त्या एका वाक्यात? यावर वर्गात दोन गट पडतात आणि दोघांनाही भौतिकशास्त्राचाच आधार घ्यावा लागतो. आपण तेव्हा आपले मत सांगू नका, असे मी म्हणणार नाही. ते चर्चेच्या शेवटी, कारणांसह सांगावे आणि त्याविरुद्ध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळालेले वर्गाला दिसू द्यावेत. काही बाबतींत मात्र तटस्थतेला जागा नसते. आकडे बनवणे चूक आहे, हे चर्चेला न ठेवता सांगून टाकावे.

प्रश्न : “हे परीक्षेला आहे का?” असे विद्यार्थी विचारतात. नाही म्हटले की वह्या मिटतात.

उत्तर : मग ते परीक्षेला ठेवावे.

प्रश्न : एवढे करून विद्यार्थ्यांचे वर्तन सुधारते, हे मोजता येते का?

उत्तर : वर्तन मोजणे अवघड आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९७० च्या दशकात तयार केलेली ‘डिफायनिंग इश्यूज टेस्ट’ ही चाचणी बरीच वापरली जाते, पण ती नैतिक प्रश्नाचा विचार कसा केला जातो ते तपासते. रेस्ट यांनीच पुढे सांगितले की नैतिक कृतीसाठी चार गोष्टी लागतात : प्रश्न जाणवणे, योग्य काय ते ठरवणे, ते करण्याची इच्छा असणे आणि ते तडीस नेण्याची चिकाटी. पहिल्या दोहोंवर वर्गात बरेच काम करता येते. उरलेल्या दोहोंसाठी मात्र विद्यार्थी आपल्याकडे पाहत असतो : कॉपी सापडल्यावर विभाग काय करतो, शोधनिबंधावर कोणाची नावे येतात, गुणांच्या बेरजेतली चूक दाखवून देणाऱ्याशी आपण कसे बोलतो. प्रशिक्षणाचा एक तास या तीन बाबींवर विभागप्रमुखांसह ठेवावा, अशी माझी सूचना आहे. तो तास सर्वांत अवघड जातो.