वडिलांना डायबेटीस आणि बीपी आहे, मरणोत्तर त्यांचे अवयव दुसऱ्याला चालतील का?

चालू शकतात. नुसत्या आजाराच्या नावावरून नकार देत नाहीत. किती वर्षं आहे, आटोक्यात आहे का, हे बघतात. जुना डायबेटीस आणि बीपी किडनीतल्या बारीक गाळण्या खराब करतात, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा घटक) तपासतात. शंका आली तर किडनीचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. लिव्हरचा प्रश्न चरबीचा आणि दारूचा. चरबी 30 टक्क्यांच्या वर असेल तर नव्या शरीरात ते नीट चालू न होण्याचा धोका वाढतो. डोळे दान करायला मात्र डायबेटीस सहसा आड येत नाही.

फोंड्याच्या आमच्या काकांच्या वेळी काकीने फ्रीजवरच्या पिशवीतून औषधांच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढून डॉक्टरांच्या हातात दिल्या. तशी फाईल आत्ताच लावून ठेवा, आणि विचारलं तर दारूचंही खरं सांगा.