पहिला एअरब्रश आणि कंप्रेसर कोणता घेऊ? मामांच्या गॅरेजमधला कंप्रेसर चालेल का?

तुम्ही विचारलंय की बजेट १२ हजारांच्या आसपास आहे, सिडकोत फ्लॅटमध्ये राहता, १/७२ स्केलचं मिग-२१चं किट आणून ठेवलंय, हाताने रंगवलं की ब्रशच्या रेघा दिसतात म्हणून एअरब्रश (हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनासारखं साधन) घ्यायचाय, मामांच्या गॅरेजमध्ये मोठा कंप्रेसर आहे तो चालेल का, आणि सामान घरी आल्यावर पहिल्या दिवशी नक्की करायचं काय. मी गंगापूर रोडला गॅलरीत बसून बरीच वर्षं हे उद्योग करतोय, त्या अनुभवावर सांगतो. (आणि नाशिककराने पहिलं मॉडेल मिगचंच करावं हे बरोबरच आहे, ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात) बनलेलं विमान, घरात किंवा शेजारी कोणीतरी तिथे नोकरीला असतंच.)

आधी पैशाचं बोलू. बरेच जण भारीतला जपानी एअरब्रश घेतात आणि हवेसाठी मग काहीतरी जुगाड करत बसतात. माझं मत याच्या बरोब्बर उलटं आहे. एअरब्रश तुम्ही वर्ष-दोन वर्षांत बदलणारच, हात बसला की आपल्याला काय हवंय ते कळतं, पण कंप्रेसर चांगला घेतला तर तोच पुढच्या दोन-तीन एअरब्रशना पुरतो. म्हणून निम्म्याहून जास्त पैसे कंप्रेसरला, मग एअरब्रश, आणि थोडे थिनर-मास्क-सफाईसाठी बाजूला ठेवा, ते शेवटी आठवतात आणि तेव्हा खिसा रिकामा असतो.

कंप्रेसर बघताना तीन गोष्टी बघा: टाकी, प्रेशर रेग्युलेटर, आणि मॉइश्चर ट्रॅप म्हणजे पाणी अडवणारा छोटा पारदर्शक कप. एएस-१८६ या नावाने जो प्रकार मिळतो तो हाच, लेबलं वेगवेगळी असतात पण मशीन साधारण एकच, ३ लिटरची टाकी, बिनतेलाचा पिस्टन, प्रेशर ४ बारला गेलं की आपोआप बंद होतो आणि ३ बारच्या आसपास उतरलं की परत सुरू. टाकी कशाला पाहिजे, तर पिस्टन हवा ठोक्याठोक्याने देतो, टाकी नसेल तर ते ठोके पाइपातून थेट नॉझलपर्यंत, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या तोंडापर्यंत येतात आणि बारीक रेघ मारताना ती जाड-बारीक होते. शिवाय टाकी भरलेली असली की मोटरला मधेमधे आराम मिळतो, बिनटाकीचा सतत चालतो आणि अर्ध्या तासात हात लावता येत नाही इतका तापतो. आवाज फार नाही, खाली जुनं जाड पायपुसणं टाकलं की खालच्या मजल्यावर घरघर जात नाही.

आता मामांचा कंप्रेसर. चालतो का, तर चालतो. हवा ती हवाच. पण तो ८-१० बारचा, आणि आपल्याला लागतं जेमतेम १ ते दीड बार म्हणजे १५-२० पीएसआय, तेव्हा मधे चांगला रेग्युलेटर आणि फिल्टर लावल्याशिवाय एअरब्रश जोडायचा नाही. दुसरं म्हणजे गॅरेजचे जुने कंप्रेसर तेलावर चालतात, रिंगा झिजल्या असतील तर हवेबरोबर तेलाचा बारीक अंश येतो आणि प्लॅस्टिकवर तेल असलं की रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल डाग पडतात. तपासायचं असेल तर पांढरा टिश्यू पेपर पाइपापुढे मिनिटभर धरा, डाग दिसला की नको. तिसरं, पाइपाचं तोंड. एअरब्रशच्या पाइपाला बहुतेक १/८ बीएसपी (हे आट्यांचं माप) आटे असतात, गॅरेजच्या लायनीला १/४ किंवा क्विक कपलर. ॲडॅप्टर ऑनलाइन शोधत बसू नका, सातपूर-अंबडच्या बाजूला न्यूमॅटिक फिटिंगची दुकानं आहेत, पाइप सोबत घेऊन जा आणि आटे बसवूनच घ्या, टेफलॉन टेपची गुंडाळी तिथेच मिळेल. तर रविवारी गॅरेज बंद असताना तिथे जाऊन रंगवायचं असेल तर फुकटात होतं आणि कंप्रेसरचे पैसे वाचतात. मात्र तो घरी उचलून आणायचा विचार करू नका, बेल्टवाला कंप्रेसर फ्लॅटमध्ये लावला की सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो येईल.

गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप, वाफ घ्यायचं नेब्युलायझर, फिश टँकचा पंप, यांचे व्हिडिओ खूप फिरतात. सोडून द्या. एअरब्रशच्या बुडाला लागणारे छोटे चार्जिंगचे कंप्रेसर मिळतात, ते टेबलावर छोटे पुतळे रंगवायला ठीक आहेत, पण बहुतेकांवर प्रेशर नीट सेट होत नाही आणि शिकताना तेच तर लागतं.

एअरब्रशमध्ये ड्युअल ॲक्शन, ग्रॅव्हिटी फीड, ०.३ मिमी नीडल (नॉझलमधून रंगाची वाट उघडणारी-बंद करणारी सुई). ड्युअल ॲक्शन म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. ग्रॅव्हिटी फीड म्हणजे कप वरच्या बाजूला, रंग वजनाने खाली येतो त्यामुळे कमी प्रेशरवर काम होतं आणि चार थेंब रंगावरही भागतं. ०.२ ची नीडल बारीक म्हणून लोक घेतात आणि मग दर पाच मिनिटांनी चोक काढत बसतात, पहिल्याला ०.३ च. पुढेमागे प्राइमर (रंगाच्या आधीचा अस्तराचा थर) आणि मोठे भाग मारायला ०.५ चा बॅजर पॅट्रियट वगैरे बघता येईल. बजेटमध्ये बसत असेल तर इवाटाचा निओ चांगला, नसेल तर चायनीज पण चालतो, फक्त त्याचे सुटे भाग वेगळे मिळतायत का ते आधी बघा.

सामान आलं की रंगाच्या बाटलीला हात लावू नका, अगदी मनापासून सांगतो. कंप्रेसर जोडा, टाकी भरू द्या, आपोआप बंद होतो का बघा, मग स्विच बंद करून पंधरा मिनिटं चहापाणी करून या. गेजचा काटा खाली आला असेल तर कुठेतरी हवा गळतेय, भांडी घासायच्या साबणाचा फेस सगळ्या जोडांवर लावा, जिथे फुगा येईल तिथे टेफलॉन टेप. मग एअरब्रशच्या मागची टोपी काढून नीडल लॉक सैल करा आणि नीडल हळूच मागे ओढून काढा, उजेडात धरून बोटांत फिरवा. टोक सरळ असेल तर ते जागेवर फिरतं, वाकलं असेल तर टोक डगमगताना दिसतं. वाकलेलं असेल तर फोटो काढून लगेच परत पाठवा, नंतर कोणी ऐकत नाही. मग कपात पाणी घाला आणि ट्रिगर फक्त दाबा, ओढू नका. कपात बुडबुडे आले तर नॉझलच्या जोडातून हवा मागे येतेय, नॉझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलेलं आहे. नॉझल बघायला काढाल तर सोबत आलेल्या पान्याने, आणि बसवताना ताकद लावायची नाही, आटे तांदळाच्या दाण्याएवढ्या पितळेवर असतात, कट्कन तुटतात.

प्रेशर सेट करताना ट्रिगर दाबून धरायचा. नुसता असताना काटा २० दाखवतो आणि हवा सुटली की १५ वर येतो, खरं प्रेशर ते दुसरं.

मग देशदूतचा जुना अंक पसरा आणि नुसत्या पाण्यावर हात बसवा. ट्रिगरचा नियम एकच: आधी हवा मग रंग, बंद करताना आधी रंग मग हवा. रंग मागे ओढलेला असतानाच हवा सोडली तर नॉझलच्या तोंडाशी थेंब राहतो आणि पुढच्या वेळी दाबलं की तो थेंब विमानाच्या पंखावर थुंकल्यासारखा पडतो. ही सवय बोटाला लागायला वेळ लागतो, म्हणून पाणी. पाण्यात खायच्या रंगाचे दोन थेंब टाका म्हणजे दिसेल तरी. ठिपके, मग रेघा, मग चौकोन भरणे. जमलं तर गणपतीच्या आधी मूर्तिकारांच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन अर्धा तास नुसतं बघा, कारागिराचा हात मूर्तीवर कधी सुरू होत नाही, मूर्तीच्या बाहेर हवेत सुरू होतो, मूर्तीवरून जातो आणि पलीकडे हवेतच थांबतो. नवीन माणूस मधेच थांबतो आणि तिथे रंगाचं तळं होतं. मला तर एवढं कुठल्या व्हिडिओतून कळलं नाही.

पण पेपर फसवतो, कागद रंग शोषतो, प्लॅस्टिक नाही शोषत. म्हणून पाण्यानंतर थेट किटवर नको, पार्टीचे प्लॅस्टिकचे चमचे घ्या. चमच्याला बाक असतो, विमानाच्या नाकाला असतो तसाच, आणि बिघडला तर टाकून दिला.

आता रंग पातळ करणे, इथेच निम्मी गाडी अडते. दुधाइतका पातळ म्हणतात ते खरंय, कपाच्या कडेला ब्रशने थेंब लावा, दूध पातेल्याच्या कडेवरून ओघळताना मागे पुसट पांढरा थर ठेवतं तसा थर राहिला पाहिजे. टामिया कंपनीचे ॲक्रेलिक असतील तर त्यांच्याच एक्स-२०ए थिनरने निम्मं-निम्मं करून सुरू करा, आयपीएनेही (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पातळ होतात. वायेहो कंपनीचे रंग पाण्यावरचे, त्यांच्यात आयपीए घालायचं नाही, गुठळ्या होतात आणि त्या नॉझलमध्ये जाऊन बसतात, त्यांना त्यांचंच थिनर, किंवा सरळ मॉडेल एअर ही पातळ केलेली रेंज घ्या. चमच्यावर कोळ्याच्या पायांसारख्या रेघा पळाल्या तर रंग जास्त पातळ आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात किंवा प्रेशर जास्त. पृष्ठभाग खरखरीत, पावडर मारल्यासारखा लागला तर लांब आहात, रंग वाटेतच वाळतोय. साधारण ५ ते १० सेंटीमीटर. आणि पहिल्या हातात प्लॅस्टिक झाकायचा हट्ट नको, धुरकट हात मारा, थांबा, दुसरा मारा, तिसऱ्या-चौथ्याला झाकतं.

नाशिकची हवा पण लक्षात घ्या. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ॲक्रेलिक नीडलच्या टोकावरच वाळतो, रंग येता येता बंद होतो आणि आपल्याला वाटतं एअरब्रश बिघडला. ओल्या इअरबडने टोक पुसायचं, रंगात रिटार्डरचा (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं द्रव) एखादा थेंब. पावसाळ्यात उलटी बोंब, दाबलेली हवा टाकीत थंड होते आणि पाणी सुटतं, म्हणून काम झालं की टाकीच्या बुडाचा स्क्रू उघडून पाणी काढून टाका, आणि ट्रॅपचा कप अर्धा भरायच्या आत रिकामा करा. लॅकर (पाण्यावरचे नसलेले, उग्र थिनरवरचे) रंग मारत असाल तर जुलै-ऑगस्टच्या दमट दिवशी पांढुरके पडतात, कोरड्या दिवसाची वाट बघा.

लॅकरवरून आठवलं, मास्क. एन-९५ रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला हाफ मास्क लागतो, थ्रीएमचा ६२०० आणि ६००१ कार्ट्रिज हे कॉम्बिनेशन सहज मिळतं. बंद बेडरूममध्ये लॅकर मारायचाच नाही, गॅलरीत किंवा खिडकीत पुठ्ठ्याचं खोकं आणि मागे एक्झॉस्ट फॅन, आणि जवळ देवघरातली समई, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको. सुरुवात पाण्यावरच्या रंगांनी केली तर ही भानगड बरीच कमी होते, पण मास्क त्यालाही लावा.

किटबद्दल एकच. मिग-२१ची सुरुवातीची एफएल प्रकारातली विमानं उघड्या चांदीसारख्या धातूची असायची, ती दिसायला सुंदर, पण त्याला खाली चकचकीत काळा बेस आणि वर मेटॅलिक लॅकर लागतो, शिकाऊ हाताने प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो. २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालेली बायसन, म्हणजे मिग-२१चा सुधारित प्रकार, राखाडी रंगातली होती, तुमच्या किटमध्ये तिचे डिकल (विमानावर चिकटवायच्या खुणा) असतील तर तीच करा.

सफाई रोज. रंग बदलताना कपात थिनर घालून पुढचं तोंड टिश्यूने हलकं दाबा आणि ट्रिगर थोडा ओढा, कपात बुडबुडे येऊन आतला रंग सुटतो, ओता, परत करा, थिनर स्वच्छ येईपर्यंत. शेवटी नीडल काढून पुसा, मागून पुढे, टोकाच्या दिशेनेच, म्हणजे बोटात पण घुसत नाही आणि वाकत पण नाही. अख्खा एअरब्रश थिनरच्या वाटीत रात्रभर बुडवून ठेवू नका, आतले रबरी ओ-रिंग फुगतात. आणि ऑर्डर टाकतानाच त्याच मॉडेलचा एक जास्तीचा नीडल-नॉझल सेट टाका, ०.३ असेल तर दोन्ही ०.३ चेच, कारण नीडल वाकणार ती शनिवारी रात्री आणि कुरियर येणार पुढच्या गुरुवारी.